नको म्हटल्यावर पुढे काय?

ग्लॉस्टर हे पश्चिम इंग्लंडमधलं शहर. 1895-96 साली तिथे देवीची साथ आली आणि चारशेहून अधिक माणसं दगावली. त्यांत लहान मुलं फार होती. त्याच सुमारास डॉ. वॉल्टर हॅडवेन त्या शहरात राहायला आले. देवीच्या लसीला त्यांचा कडवा विरोध होता. रोग जंतूंमुळे होतात, हेच त्यांना मान्य नव्हतं. प्राण्यांवरचे प्रयोग बंद व्हावेत म्हणून झगडणाऱ्या ब्रिटिश संघटनेचे ते पुढे अध्यक्ष झाले आणि 1932 साली मरेपर्यंत त्या चळवळीचे मोठे वक्ते म्हणून गाजले.

1970 साली त्याच संघटनेने एक धर्मादाय संस्था काढली. प्राणी न वापरता वैद्यकीय संशोधन करणाऱ्यांना पैसा पुरवायचा, एवढं एकच काम तिने अंगावर घेतलं. नाव ठेवलं ‘डॉ. हॅडवेन ट्रस्ट’. आज ती ‘अ‍ॅनिमल फ्री रिसर्च यूके’ म्हणून ओळखली जाते.

या संस्थेवरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत. माझा धाकटा भाऊ निवृत्त होईपर्यंत मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवत होता. माझी मुलगी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवते. तिचं काम चालतं ते प्राणी न वापरण्याच्या अटीवर मिळालेल्या अनुदानावर. ती सुट्टीला घरी आली की मामा-भाचीचा वाद रंगतो. त्यातलं जे मला महत्त्वाचं वाटलं ते इथे मांडते आहे. मध्ये मध्ये मीही बोलणार आहे, कारण मला दोघांनाही काही सांगायचं आहे.

मामा : पन्नासेक वर्षं तुमच्या लोकांनी ज्याचं नाव मिरवलं, त्या माणसावर 1924 साली मनुष्यवधाचा खटला चालला होता, ठाऊक आहे ना? दहा वर्षांची मुलगी त्याच्या उपचाराखाली असताना गेली. सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की तिला घटसर्प झाला होता. घटसर्पावरचं औषध तेव्हा मिळत होतं, आणि त्याने ते दिलं नाही.

भाची : ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं, मामा.

मामा : सोडलं. पण ते औषध आलं कुठून? 1890 साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी प्राण्यांच्या रक्तात ते शोधलं. नंतर घोड्यांच्या रक्तापासून ते बनवू लागले. मी इंटर्न असताना घटसर्पाची मुलं वॉर्डात यायची. घशात राखाडी पडदा चढलेला, मान सुजलेली, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायच्या. त्या मुलांसमोर उभं राहून ‘प्राण्यांपासून काही मिळालं नाही’ असं मला कोणी सांगावं!

भाची : मी ते सांगतच नाही. हॅडवेन यांची वैद्यकी चुकीची होती. लसीबद्दल आणि जंतूंबद्दल ते जे बोलले, त्यामुळे लोकांचं नुकसानच झालं. पण 1970 नंतर ज्यांनी ही संस्था चालवली, त्यांच्याकडे बघ ना. डॉ. गिल लँगली यांच्यासारखी मेंदूविज्ञान शिकलेली बाई तिथे वर्षानुवर्षं शास्त्रीय सल्लागार होती. कुठला अर्ज शास्त्रीयदृष्ट्या पक्का आहे, कुठल्या कामामुळे खरोखर प्राणी वाचतील, हे तपासून पैसे द्यायचे, अशी त्या लोकांनी शिस्त लावली. सभेतली भाषणं सोडून ते अर्ज वाचायला बसले.

इथे मुलीच्या बाजूने मला आणखी एका बाईंचं नाव घ्यायचं आहे. डॉरथी हेगर्टी यांनी 1969 साली इंग्लंडमध्येच ‘फ्रेम’ नावाची संस्था काढली. वैद्यकीय प्रयोगांत प्राण्यांच्या जागी दुसरं काही आणण्यासाठी निधी, असा त्या नावाचा अर्थ. पुढे तिची धुरा मायकल बॉल्स या प्राणिशास्त्रज्ञाने घेतली आणि नॉटिंगहॅम तिचं ठिकाण झालं. बॉल्स यांनी पशुवैद्यांच्या संघटनेला बरोबर घेऊन ब्रिटिश सरकारला सल्ला दिला. 1986 साली प्राणी-प्रयोगांचा जो नवा कायदा आला, त्यावर त्या सल्ल्याचा ठसा आहे. कायद्याने प्रयोग थांबले नाहीत. परवाने आले, तपासणी आली, प्राण्याला होणारा त्रास आणि होणारा लाभ यांचा हिशेब मांडणं सक्तीचं झालं. सगळे प्रयोग ताबडतोब बंद करा म्हणणाऱ्यांना तो विश्वासघात वाटला. बॉल्स यांनी तो राग पत्करला. युरोपीय समुदायाने पर्यायी चाचण्या पारखून घेणारं केंद्र इटलीत उभारलं, त्याचे 1993 साली पहिले प्रमुख तेच झाले. सभा जिंकून देणारं हे काम नव्हे. एकेक चाचणी अनेक प्रयोगशाळांत करून तिचे निकाल जुळतात का, हे पाहत बसायला विलक्षण चिकाटी लागते. मला ही माणसं मोठी वाटतात.

मामा : माणसं चांगली आहेत, हे मी कुठे नाकारतो? आम्ही बेडकावर प्रात्यक्षिकं घ्यायचो, आठवतं ना ताई?

मला आठवतं. विद्यार्थी असताना तो त्या प्रात्यक्षिकांचे कागद घरी आणायचा. काजळी धरलेला गुळगुळीत कागद फिरत्या ढोलावर गुंडाळायचा, बेडकाच्या पोटाचा स्नायू दोऱ्याने लेखणीला बांधायचा आणि त्यावर अ‍ॅसिटिलकोलिनचा थेंब टाकायचा. स्नायू आक्रसला की काळ्या कागदावर पांढरी रेघ चढे. मग तो कागद वॉर्निशमध्ये बुडवून वाळत घालायचा. आमच्या खिडकीच्या गजांना ते चिमट्यांनी लटकलेले असत आणि आईची बोटं काळी होत.

मामा : ती रेघ आता संगणकावर निघते. पुदुचेरीच्या जिपमेरमध्ये तयार झालेला प्रोग्रॅम देशभर वापरतात. जे उत्तर आधीपासून माहीत आहे, ते पुन्हा काढून दाखवायला बेडूक मारायचं कारण नाही. इथवर मी तुझ्याबरोबर आहे. पण ज्याचं उत्तर कुणालाच ठाऊक नाही, ते संगणक कुठून देणार? 1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइडचं गोड औषध बाजारात आलं. विरघळवायला डायइथिलीन ग्लायकॉल वापरलं होतं. शंभरावर माणसं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. विकण्याआधी ते चार उंदरांना पाजलं असतं तरी कळलं असतं. 1938 चा अमेरिकेचा औषध-कायदा त्यातूनच आला. आधी सुरक्षितता दाखवा, मग विका.

भाची : आणि 1986 साली आपल्या जे. जे. रुग्णालयात? तेच डायइथिलीन ग्लायकॉल. ग्लिसरॉलमधून गेलं आणि चौदा रुग्ण दगावले. लेंटिन आयोग बसला. तिथे उंदीर कमी पडला होता का? बाटलीत काय आहे हे कोणी नीट तपासलं नाही. साधी रासायनिक चाचणी पुरली असती. प्राण्यावर तपासलं म्हणजे माणूस सुरक्षित, या विश्वासावर आपण फार भार टाकलाय, मामा. 2006 साली लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात काय झालं?

ही हकीकत सविस्तर सांगायला हवी, कारण दोघंही तिचा दाखला देतात आणि दोघांचे निष्कर्ष वेगळे असतात. टीजीएन 1412 नावाचं प्रतिपिंड-औषध होतं. ते शरीरातल्या टी पेशींना जागं करणार होतं. माकडांना ते भरपूर मात्रेत दिलं आणि त्यांना काही झालं नाही. मग 13 मार्च 2006 रोजी सहा धडधाकट तरुण स्वयंसेवकांना ते टोचलं. मात्रा माकडांना सोसलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाएवढीच होती. तासा-दीड तासात डोकेदुखी, उलट्या, ताप सुरू झाला आणि दिवस उलटायच्या आत सहाही जण अतिदक्षता विभागात होते. सगळे वाचले, पण एकाला हातापायांच्या बोटांचे भाग गमवावे लागले. पुढे शोध लागला की ज्या टी पेशींनी माणसांत हाहाकार माजवला, त्यांच्यावर औषध जिथे चिकटतं तो रेणू माकडांत शिल्लकच राहत नाही. माकडाच्या शरीराला इशारा देणं शक्यच नव्हतं.

भाची : माणसाच्या पेशींनी तो दिला असता.

मामा : दिला नव्हता! औषध माणसाच्या रक्तपेशींत नुसतं मिसळून पाहिलं तेव्हा त्या गप्प बसल्या. अपघातानंतर ब्रिटिश शास्त्रज्ञांनी औषध प्लास्टिकच्या तबकडीच्या तळाला चिकटवून त्यावर पेशी सोडल्या, तेव्हा कुठे त्या खवळल्या. म्हणजे काय विचारायचं हे आधी कळलं पाहिजे. पेशीसुद्धा आपण विचारू तेवढंच सांगतात.

भाची : अगदी खरं. पण ती तबकडीची रीत शोधायला कुणीतरी माणूस आणि पैसा लावला, तेव्हाच ती सापडली ना? माकडांवर वर्षानुवर्षं खर्च झाला, त्याचा काही अंश जरी पेशींवर झाला असता तर ही रीत आधीच हाती असती. माझं भांडण एवढंच आहे. प्राण्यांची पद्धत चांगली ठरून टिकलेली नाही. तिच्यावर आधीच इतकं बांधून ठेवलंय की ती मोडायला कोणी धजत नाही. प्राणिघर बांधलेलं आहे, माणसं नेमलेली आहेत, जुने आकडे उंदरांचे आहेत, आणि शोधनिबंध तपासणारा विचारतो की उंदरात करून पाहिलंत का.

मामा या ठिकाणी गप्प झाला. अशा शोधनिबंधांचं परीक्षण त्यानेही केलेलं आहे.

मामा : आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं घे. कोकणात लाल विंचू चावला की फुप्फुसात पाणी भरून माणूस काही तासांत जायचा. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हा तरुण डॉक्टर रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसला. रक्तदाब, नाडी, घाम, सगळं तासातासाला लिहून ठेवलं. त्यातून प्राझोसिन द्यावं हे त्याला सुचलं आणि 1986 साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं. कुठला उंदीर नाही, कुठलं प्राणिघर नाही.

भाची : हे तर मी सांगायला हवं होतं!

मामा : थांब. प्राझोसिन ही गोळी आली कुठून? रक्तदाबासाठी, आधी प्राण्यांवर तपासून. आणि पुढे बावस्करांनीच दाखवून दिलं की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर बरा होतो. ते 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. प्रतिविष हाफकिनचं. घोड्याच्या रक्तातलं.

या गोष्टीवर मी बराच विचार केला. भावाला वाटतं, यातून त्याचं म्हणणं सिद्ध होतं. मला त्यात दुसरंच काही दिसतं. विंचवाच्या विषाचे प्रयोग प्राण्यांवर आधीही झाले होते. पण बिरवाडीतल्या माणसाला काय होतं, कुठल्या तासाला होतं आणि का होतं, हे बिरवाडीतल्या खाटेपाशी बसल्यावरच समजलं. माणसाच्या आजाराचा अभ्यास माणसापासून सुरू व्हावा, हे म्हणणं परदेशी संस्थेने आपल्याला शिकवलेलं नाही. आपल्याच एका डॉक्टरने ते करून दाखवलं. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या ब्लिझर्ड संस्थेत ‘अ‍ॅनिमल फ्री रिसर्च यूके’ने जे केंद्र उभं करायला मदत केली, तिथेही तीच दिशा आहे. माणसाच्या त्वचेच्या कर्करोगाचा अभ्यास माणसाच्याच पेशींवर करायचा.

मामा : बरं, तुझ्या पेशी काय खातात ते सांग ताईला.

मुलीने हा प्रश्न टाळला नाही, याचा मला अभिमान वाटतो.

भाची : सांगते. आई, पेशी ज्या गुलाबी द्रवात वाढतात त्यात बहुतेक प्रयोगशाळा दहा टक्के गाईच्या गर्भाचं रक्तद्रव घालतात. गाभण गाय कत्तलखान्यात कापली गेली की पोटातल्या वासराच्या हृदयात सुई घालून रक्त काढून घेतात. त्यातल्या वाढीच्या घटकांनी जवळजवळ कुठलीही पेशी तरारते. ‘प्राण्यांऐवजी पेशी’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्यातलं कितीतरी काम या बाटलीवर उभं आहे. आमचा निधी घ्यायचा तर ती वापरायची नाही. त्याऐवजी रक्तपेढीत मुदत संपलेल्या माणसाच्या प्लेटलेटपासून केलेला द्रव वापरतो. पहिल्यांदा बदल केला तेव्हा माझ्या पेशी रुसल्या. तबकडीचा तळ धरेनात, गोल होऊन तरंगायला लागल्या. द्रवाचा गुलाबी रंग पिवळा पडला की समजायचं, आम्ल वाढलंय, आता बदला. रविवारी, नाताळच्या दिवशीही जाऊन बदलायचा. महिनोन्‌महिने असं करून त्यांना सवय लागली. शेजारच्या प्रयोगशाळेने तेवढ्या वेळात एक शोधनिबंध छापला.

मामा : आणि तुझी प्रतिपिंडं? पेशी रंगवायला वापरतेस ती?

भाची : त्यातली काही अजून सशाची आणि उंदराची आहेत. प्रयोगशाळेत जनुकांपासून बनवलेली मिळायला लागलीत, महाग आहेत. बदलतोय हळूहळू.

मामा : ‘हळूहळू’ हा शब्द तुझ्या तोंडी शोभतो. तुझ्या संस्थेच्या तोंडी तो का नाही? त्यांनी तारीखच लावली आहे.

तारीख लावली आहे ती अशी. प्रयोगशाळेसाठी जन्माला घातलेला, पण तिथे गरज उरली नाही म्हणून घर मिळालेला हर्बी नावाचा एक बीगल कुत्रा आहे. त्याच्या नावाने ही संस्था ब्रिटनमध्ये कायदा मागते आहे. वैद्यकीय संशोधनातला प्राण्यांचा वापर 2035 पर्यंत टप्प्याटप्प्याने संपवावा, अशी ती मागणी. ग्रेट ब्रिटनमध्ये 2023 साली प्राण्यांवरच्या सुमारे 26 लाख 80 हजार प्रक्रियांची नोंद झाली आहे. त्यांतले बहुतेक उंदीर आणि मासे.

मामा : भारतात वर्षाला पन्नास हजारांहून अधिक माणसं साप चावून मरतात, असा अंदाज आहे. शेतकरी, मजूर, बायका, पोरं. त्यांच्यासाठी एकच औषध आहे, घोड्याच्या रक्तातलं प्रतिविष. त्याची प्रत्येक खेप किती जोराची आहे, हे उंदरांवर तपासतात. 2035 ला तुमचा कायदा जगभर गेला तर त्या माणसांचं काय करायचं?

भाची : 2024 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने आणि अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेने मिळून घोड्याशिवाय प्रतिपिंड तयार केलं. नाग, मण्यार यांच्या विषातल्या एका मोठ्या गटाला ते निष्प्रभ करतं.

मामा : वाचलंय. उत्तम काम आहे. ते निष्प्रभ करतं हे दाखवलं कशावर?

भाची : उंदरांवर.

मामा : मग?

भाची : मग ते प्रतिपिंड उद्या रुग्णालयात आलं तर घोडा सुटेल. त्यानंतर उंदराचा प्रश्न सोडवू. मामा, मी तारखेच्या बाजूने आहे ते एवढ्यासाठी, की तारीख नसली की कुणी पैसा बाजूला काढत नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या वेळी हेच झालं. युरोपने तारखा लावल्या, कंपन्या ओरडल्या, आणि कृत्रिमरीत्या वाढवलेल्या मानवी त्वचेच्या चाचण्या त्या तारखांच्या धाकाने पुऱ्या झाल्या. 2014 साली भारतानेही सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राणी-चाचण्या बंद केल्या. कुणाचं काही अडलं का?

मामा : लिपस्टिक आली नाही तर कुणी मरत नाही, पोरी.

यात मी भावाच्या बाजूची आहे. तारखेचा धाक कंपनीला चांगला, पण विळे-कोयते घेऊन भाताच्या चिखलात उतरणाऱ्या माणसाच्या जिवावर तो लावता येणार नाही. संस्थेच्या लोकांनी टप्पे पाडताना कुठली चाचणी आधी आणि कुठली सगळ्यांत शेवटी, हे उघड सांगायला हवं. अखेरच्या टप्प्यात प्रतिविष आणि लसी राहतील, हे कबूल करण्यात कसलाही कमीपणा नाही.

पण तारखेवाचून काय होतं, ते भावानेच एकदा सांगितलं होतं. आपल्याकडे 1960 चा प्राणी-क्रौर्य प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या सतराव्या कलमातच लिहिलंय की शक्य तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत, आणि लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये. प्रत्येक संस्थेत प्राण्यांसाठी नीतिसमिती असते. अर्जात एक प्रश्न असतो : प्राण्यांवाचून हे काम करता येईल का? भाऊ अशा एका समितीवर होता.

मामा : त्या रकान्यात काय लिहिलेलं असायचं सांगू? ‘पर्याय उपलब्ध नाही.’ सगळ्या अर्जांत तेच तीन शब्द. एकाने लिहिलेलं दुसरा उतरवून घ्यायचा. आम्ही विचारायचो, शोधलात का? तर अर्ज करणारा तरुण म्हणायचा, सर, शोधायला वेगळं अनुदान कुठे असतं?

भाची : आमची संस्था तेच अनुदान देते, मामा.

वाद तिथे संपला नाही, पण मला जे समजायचं ते समजलं. त्या रकान्यात खरं उत्तर लिहायचं तर कुणीतरी वर्षानुवर्षं ते शोधत बसावं लागतं, आणि त्या माणसाचा पगार कुणीतरी द्यावा लागतो. सरकारी अनुदान नेहमीच्या वाटेने जातं. औषध कंपन्या नियामक मागेल तेवढंच करतात. अमेरिकेने 2022 साली कायदा बदलून प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली. 2023 साली आपल्या नव्या औषधांच्या नियमांतही पेशी, चिपवरचे अवयव आणि संगणकी प्रतिकृती यांना जागा मिळाली. कागदावर दार उघडलं आहे. त्यातून आत जायला जी पद्धत लागते, तिचा खर्च आजवर पेन्शनीतून दरमहा थोडेथोडे पैसे काढणाऱ्या, मृत्युपत्रात चार आकडे लिहून ठेवणाऱ्या साध्या लोकांनी केला. धर्मादाय संस्था म्हणजे तेच लोक. हॅडवेन यांच्यापाशी राग होता. या लोकांनी त्या रागाच्या जागी काम आणलं, आणि वैद्यकशास्त्राने आता त्यांचं ऋण मान्य करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटचा मुद्दा भावाचा, आणि तो मुलीलाही मान्य आहे.

मामा : प्राणी नको तर माणूस लागणार. माणसाची ऊती, माणसाचं रक्त, माणसाच्या नोंदी. त्याची नीती कोण सांभाळणार? 1951 साली बाल्टिमोरच्या रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून पेशी घेतल्या. तिला विचारलं नाही. पोलिओच्या लसीच्या वेळी आपल्याकडून हजारो माकडं जहाजांनी आणि विमानांनी बाहेर जात होती. 1978 साली भारताने ती निर्यात बंद केली. त्या लसीच्या चाचण्यांत माकडांच्या पेशींचं काही काम या बाईच्या पेशींनी केलं. काही माकडं वाचली ती तिच्यामुळे, आणि तिच्या मुलांना वीस वर्षं त्याचा पत्ता नव्हता.

भाची : म्हणून आम्ही प्रत्येक तुकड्यासाठी लेखी संमती घेतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी जाऊन बोलतो. समजावून सांगितलं तर नकार देणारे फार थोडे भेटतात. अडचण दुसरीच आहे. बहुतेक ठिकाणी कुणी विचारतच नाही.

आपल्याकडेही कुणी विचारत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात पेशींचा साठा आहे, तिथून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी जातात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात गाठींच्या ऊतींचा संग्रह आहे. बाकी शेकडो रुग्णालयांत रोज काढलेलं पित्ताशय, टॉन्सिल, त्वचेचा तुकडा तपासणी झाली की पिवळ्या पिशवीत पडतो आणि जाळला जातो. नेत्रदानाचे आणि देहदानाचे अर्ज मराठी माणसाने हौसेने भरले आहेत. तसंच हेही व्हावं. तुमच्यावर किंवा तुमच्या घरात कुणावर शस्त्रक्रिया ठरली तर संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा : काढलेल्या ऊतीचं काय करणार आहात, आणि ती संशोधनाला देता येईल का? रुग्णालयात तशी सोय नसेल तर ती का नाही, हेही विचारा.